दप्तराबाहेरची माणसे

१९५० सालच्या जून महिन्यात, संविधान अमलात येऊन अद्याप पाच महिनेही पुरते झाले नव्हते तेव्हा, सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरांनी एक हुकूम काढून ठरावीक गावांतील सर्व रहिवाशांना शेतीच्या हंगामात विड्या वळण्यास मनाई केली. हुकुमाला आधार होता तो मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ साली केलेल्या एका कायद्याचा. आणि विडी-उद्योगाच्या प्रदेशात शेतीच्या कामाला पुरेसे मजूर मिळावेत, हा त्याचा हेतू प्रस्तावनेतच सांगितलेला होता. मजूर शेतावर येत नाहीत, तर त्यांना अधिक मजुरी देऊन बोलवावे, हा एक मार्ग होता. त्यांचा दुसरा रोजगार हंगामापुरता बेकायदा ठरवून त्यांना शेताकडे ढकलावे, हा दुसरा. सरकारने दुसरा पत्करला. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर १९५० रोजी चिंतामण राव यांच्या खटल्यात हा कायदा रद्द ठरविला, आणि ठरविताना एक साधी, पण कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट नोंदविली: ज्यांच्याकडून शेतीचे काम होणेच शक्य नाही असे वृद्ध, अपंग, स्त्रिया आणि मुले यांचीही चूल या मनाईने बंद पडत होती.

हुकूम सागरचा असला तरी कायदा सबंध प्रांताचा होता, आणि भंडारा जिल्हा त्या काळी त्याच प्रांतात मोडत असे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या जिल्ह्यात धानाची शेती, तलाव आणि तेंदूची जंगले यांची अशी काही सांगड पडलेली आहे की, येथील गरिबाचे वर्ष आपोआप तुकड्यांत विभागले जाते. मृगानंतर परे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणी करावयाची, दिवाळीच्या आगेमागे कापणी, उन्हाळ्यात पहाटे जंगलात शिरून तेंदूचा पत्ता तोडावयाचा आणि ७० पानांचा एक एक पुडा बांधून फळीवर मोजून द्यावयाचा. आणि या सर्वांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, सुपात पाने, तंबाखू, कातर आणि धागा घेऊन विड्या वळीत बसावयाचे. ज्यांच्या नावे जमीन होती त्यांना हा तुटक काळ विसाव्याचा वाटे. जमीन नव्हती ती मुख्यतः महार, गोंड, ढिवर आणि इतर मागास जातींतील माणसे, आणि त्यांच्या दृष्टीने विडी म्हणजे मालकाच्या दारी न जाता चूल पेटविण्याचा जवळजवळ एकमेव उपाय. १९४८ च्या कायद्याने घाला घातला तो नेमका या लहानशा स्वातंत्र्यावर. म्हणून त्या खटल्याकडे मी व्यापार-स्वातंत्र्याचा निवाडा म्हणून पाहत नाही. दारिद्र्य आणि जात यांच्यासंबंधीचे सरकारी धोरण कोणाच्या सोयीने लिहिले जाते, याचा तो एक दस्तऐवज आहे, असे मला वाटते.

गरिबीविरुद्ध धोरणाच्या दरबारात पैरवी करणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मोठमोठ्या योजनांची नावे पाठ करण्याची गरज नाही. या जिल्ह्याच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात ती पैरवी पुनःपुन्हा एकाच मागणीपाशी येऊन थांबलेली दिसते: आमचे नाव लिहा. मजूर म्हणून लिहा, मच्छीमार म्हणून लिहा, विस्थापित म्हणून लिहा. कारण ज्याचे नाव दप्तरात नाही त्याची भूक सरकारला दिसत नाही. आणि कोणाचे नाव दप्तरात चढावयाचे व कोणाचे नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरविले आहे.

विडीचेच पाहा. १९३७ साली मध्यप्रांतात अनियंत्रित कारखान्यांसंबंधी एक कायदा झाला आणि त्यात विडीचे कारखाने आले; पण जी विडी घरात, ओसरीवर, मूल मांडीवर घेऊन वळली जात होती ती आली नाही. विडीचा धंदा चालतो तो मुळी घरांतून. कारखानदार सट्टेदाराला पाने व तंबाखू देणार, सट्टेदार ती घरोघर वाटणार, आणि संध्याकाळी वळलेल्या विड्यांचे कट्टे मोजून घेताना त्यांतील काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढणार. छाट विडीचे पैसे मिळत नसत. ती परतही मिळत नसे. विडी वाईट होती की मोजणाऱ्याची नियत वाईट होती, हे ठरविण्याचा अधिकार मोजणाऱ्यालाच होता. या स्त्रिया मजूर कोणाच्या, असे विचारले असता कारखानदार सट्टेदाराकडे बोट दाखवीत असे आणि सट्टेदार म्हणे, त्या तर स्वतंत्र कारागीर आहेत, मी फक्त माल देतो-घेतो.

या टोलवाटोलवीला कायद्याने उत्तर मिळावयास १९६६ साल उजाडावे लागले. विडी व सिगार कामगारांच्या कायद्याने घरबसल्या काम करणारी स्त्रीदेखील कामगारच होय असे मान्य केले, आणि त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी साधारणपणे शंभरामागे ५ पेक्षा अधिक विड्या छाट काढण्यास मनाई केली. मालकांनी या तरतुदींना आव्हान दिले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. घरी बसून काम करणारीवर आमचे नियंत्रण नाही, मग निधी कसला भरावयाचा, असा मालकांचा युक्तिवाद होता. १९८५ साली पी. एम. पटेल यांच्या प्रकरणात न्यायालयाने त्याला दिलेले उत्तर मला फार अर्थपूर्ण वाटते: केलेला माल नापसंत करून परत फेकण्याचा हक्क ज्याच्या हाती आहे, त्याचे त्या कामावर नियंत्रणच आहे. ज्या छाटीने पिढ्यान्‌पिढ्या मजुरी खाल्ली, तीच छाट अखेर मजूर आणि मालक यांच्या नात्याचा पुरावा ठरली. त्याआधी, १९७६ साली, विडीवर उपकर बसवून कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कल्याण निधी उभा झाला होता. वस्तू व सेवा कर आला तेव्हा २०१७ साली तो उपकर मोडीत निघाला. करपद्धती सुटसुटीत झाली खरी, परंतु त्या सुटसुटीतपणाची किंमत कोणाच्या ओळखपत्रावर पडली, याचा विचार ती फेररचना करताना झाला असावा असे वाटत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा प्रसिद्ध कायदा झाला, वृद्धापकाळी निवृत्तिवेतन देण्याची थोर कल्पना त्यात साकार झाली. परंतु शेतमजूर आणि घरकामगार हे दोन वर्ग त्यातून वगळले गेले. कायद्यात कोठेही वंशाचा उल्लेख नव्हता. मात्र दक्षिणेतील कृष्णवर्णीयांपैकी बहुतेक जण शेतात किंवा गोऱ्यांच्या घरी राबत असल्यामुळे, एका शब्दाचाही द्वेष न उच्चारता तो कायदा त्यांना बाहेर ठेवू शकला. या वर्गांचा समावेश होण्यास १९५० ची आणि त्यानंतरची दुरुस्ती लागली. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा तो विराट मोर्चा 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य' यांसाठी होता, आणि त्यात नोकऱ्यांचा शब्द आधी होता, हे आपल्याकडे बहुधा विसरले जाते. वंश आणि जात या गोष्टी एक नव्हेत. पण गरिबीच्या यादीतून माणूस गाळण्याची दोघींची रीत विलक्षण सारखी आहे.

भंडाऱ्याने या लढ्याचा राजकीय अंगाने एक प्रसंग पाहिला आहे, आणि तो या जिल्ह्याच्या स्मृतीत अजूनही सलतो. १९५४ च्या मे महिन्यात येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेवर त्यांच्याशी युती असलेल्या प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. आपल्या अनुयायांनी सर्वसाधारण जागेचे मत कुजवावे, अशी सूचना काही कार्यकर्त्यांनी केली होती आणि ज्याने संविधान घडविले तो मत कुजवावयास कसा सांगेल, म्हणून बाबासाहेबांनी ती झिडकारली, अशी आठवण आंबेडकरी चळवळीत सांगितली जाते. निकालाचा अर्थ लावावयाचा तर तो असा की, दलित मतदाराची मते युतीतील सवर्ण उमेदवाराला पोहोचली आणि त्या बाजूची मते तितक्या भरवशाने परतली नाहीत.

ज्या माणसाने १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले, आणि १९४७ च्या आपल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न मानता कसणाऱ्यांना द्यावी अशी योजना संविधानासाठी सुचविली, त्याला भूमिहीनांच्या या जिल्ह्याने लोकसभेत पाठविले असते तर पुढे काय घडले असते, हा प्रश्न निष्फळ आहे हे मला कळते. तरीही तो मनातून जात नाही. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले.

आता तलावांकडे वळतो, कारण भंडाऱ्याच्या गरिबीचे मूळ जसे जमिनीत आहे तसेच पाण्यात आहे. पूर्व विदर्भात सात हजारांच्या आसपास जुने तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदविलेले, मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात असलेले, आणि आज 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मामा तलाव' म्हटले जाणारे. मालगुजारी ही काही रामराज्याची व्यवस्था नव्हती. तिच्यात वेठ होती, उद्दामपणा होता, आणि पाणी शेताला देताना कोणाचे शेत आधी हा प्रश्न अंगबळाने आणि जातीने सुटत असे. परंतु जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी तयार झालेल्या 'वाजिब-उल-अर्ज' नामक दप्तरात गावाचे रिवाज लिहिले जात: तलावाचे पाणी कोणी घ्यावे, गुरे कोठे पाजावीत, मासे कोणी धरावेत. निस्ताराचा हक्क म्हणतात तो हाच. आणि त्या रिवाजात मासे धरणारा, होडी चालविणारा, तलावात शिंगाड्याचे वेल लावणारा ढिवर कोठेतरी होता. पायरीच्या तळाशी का होईना, होता.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जुलमी मालक गेला हे उत्तमच झाले. मात्र त्याच्या जागी जे खाते आले त्याच्या लेखी तलाव म्हणजे अमुक हेक्टर सिंचनक्षमता एवढेच होते. गाळ काढावयाचा कोणी, पाळ राखावयाची कोणी, बेशरमीचे रान माजले तर उपटावयाचे कोणी, याचा धनी उरला नाही. आणि मासेमारी ही ठेक्याची बाब झाली. ज्याच्या हाती रोकड आहे तो ठेका घेतो, आणि ज्याच्या बापजाद्यांनी त्या पाण्यात जाळे टाकले तो आपल्याच तलावावर मजुरीने मासे धरतो, असे चित्र अनेक ठिकाणी उभे राहिले. ढिवरांच्या सहकारी संस्थांना ठेक्यात प्राधान्य मिळावे, ही मागणी याच अनुभवातून आली. वस्तुतः ती दानाची मागणी नव्हे. बंदोबस्ताच्या दप्तरात जी ओळ होती ती नव्या दप्तरात उतरवून घ्या, एवढीच ती आहे. महाराष्ट्राच्या यादीत ढिवर भटक्या जमातींत गणले जातात. ज्यांच्या पिढ्या एकाच तलावाच्या काठी गेल्या त्यांना भटके म्हणणे हा दप्तराचाच एक अपराध आहे, असे मी म्हणेन.

याच दप्तराने गोसीखुर्दच्या वेळी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधावयाच्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. बुडीत क्षेत्रातील माणसाचे नुकसान मोजावयाचे कसे, तर सातबारा पाहून. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या करणारा, वर्षभर डोहात जाळे टाकणारा ढिवर सातबारावर कोठून असणार? नदीचा सातबारा नसतो. त्याचे घर मोजले गेले, त्याची नदी मोजली गेली नाही. संघर्ष समित्या झाल्या, मोर्चे झाले, पॅकेजे जाहीर झाली. आणि देशभरातल्या अशाच अनेक आंदोलनांच्या रेट्याने २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला तेव्हा, पाणी व जंगल यांवर जगणारी कुटुंबे, मच्छीमार आणि नावाडी यांसह, 'बाधित कुटुंब' या व्याख्येत प्रथमच स्पष्टपणे लिहिली गेली. १८९४ च्या कायद्यात ती नव्हती. व्याख्येत एक ओळ वाढावयास ११९ वर्षे लागली, आणि ती वाढेपर्यंत गोसीखुर्दची भिंत उभी राहिलेली होती.

येथे एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गरिबी हटली की जात आपोआप विरघळेल, ही समजूत भल्या माणसांतही फार आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. ते कुटुंब भीक मागणारे नव्हते. त्याला स्वतःची जमीन होती, मुले शिकत होती. आणि त्या जमिनीतून जाणाऱ्या वाटेचा तंटा व गावातील एका मारहाणीत दिलेली साक्ष ही वैराची निमित्ते होती. म्हणजे जे जे धोरण सांगते ते सर्व त्या घराने केले होते: जमीन राखली, पोरांना शाळेत घातले, कायद्यापुढे खरे सांगितले. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. परंतु अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा सिद्ध झाल्याचे न्यायालयाने मानले नाही, आणि त्या वेदनेतून देशभर जी पैरवी झाली तिचा एक धागा त्या कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत जातो. दलिताचे वर येणे जेथे अपराध समजले जाते, तेथे दारिद्र्यनिवारणाच्या धोरणाबरोबर संरक्षणाचे धोरण चालले पाहिजे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

रोजगाराच्या हक्काविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती कथा पुष्कळांना ठाऊक आहे. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात १९६५ साली केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याचा अंमल, असा तिचा क्रम आहे. शहरातील पगारदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुराला काम द्यावे, ही तिच्यातील कल्पना मला आजही महाराष्ट्राने देशाला दिलेल्या उत्तम कल्पनांपैकी एक वाटते, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यातील १०० दिवसांची हमी तिच्याच वंशातली. भंडाऱ्यापुरते बोलावयाचे तर तिचे महत्त्व मस्टरमध्ये आहे. मस्टरवर स्त्रीचे नाव नवऱ्याच्या नावाखाली येत नाही, स्वतंत्र येते. मालकाच्या शेतावर जी 'अमक्याची बायको' होती ती तलावाच्या गाळकामावर एक मजूर असते, आणि तिचा हजेरीचा दिवस हा सरकारवरील कर्ज असतो. या एका रकान्याने जितके केले तितके अनेक प्रबोधनांनी केले नसेल.

आणि आता सध्याचा, चालू प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना, आणि त्यांच्याबरोबर तीन पिढ्यांपासून जंगलावर अवलंबून असलेल्या इतरांना, वैयक्तिक व सामूहिक हक्क दिले. सामूहिक हक्कांत जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे जंगलाच्या हद्दीतील तलावापुरता तरी ढिवराला आपला जुना रिवाज कायद्याच्या भाषेत परत मागता येतो. अडचण आहे ती ७५ वर्षांच्या पुराव्याची. गोंडाला अनुसूचित जमातीचा दाखला पुरतो. ढिवराला किंवा जंगलाकाठच्या बौद्ध कुटुंबाला आजोबांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दप्तराबाहेर ठेवले त्यांच्याकडेच दप्तराचा कागद मागितला जातो. कायद्याच्या नियमांनी मात्र येथे एक दार किलकिले ठेवले आहे. पुरावा म्हणून गॅझेटियर चालते, बंदोबस्ताचे अहवाल व नकाशे चालतात. विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणा चालतात. आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्धांनी दिलेली, लिहून घेतलेली जबानीही चालते.

त्यामुळे या जिल्ह्यात धोरणाची पैरवी करू इच्छिणाऱ्याचे पहिले काम राजधानीत नसून दोन ठिकाणी आहे. एक, अभिलेखागारात: गावाच्या वाजिब-उल-अर्जाची आणि निस्तार पत्रकाची नक्कल अर्ज करून काढावयाची, मोडी-उर्दूच्या जुन्या अक्षरांतील तलावाची ओळ शोधून तिचे वाचन करून घ्यावयाचे, आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावयाची. दुसरे, गावच्या टोकाला असलेल्या मोहल्ल्यात: ज्या म्हाताऱ्याने लहानपणी बापाबरोबर त्या पाण्यात जाळे टाकले त्याच्यापाशी बसावयाचे, तलावाच्या कोणत्या कोनातून मासे चढत, उन्हाळ्यात पाणी कोठवर उतरे, मालगुजाराचा माणूस कोणता हिस्सा नेई, हे तो सांगेल तसे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावयाचे, आणि खाली त्याचा अंगठा घ्यावयाचा. ही माणसे आता ऐंशी-पंचाऐंशीच्या घरात आहेत.